सेप्टिक टँक वारंवार का भरतो, आणि उपशाची पाळी लांबवता कशी येते

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: धायरीत स्वतःचा बंगला, घरात पाच माणसे, आठ वर्षांपूर्वी बांधलेला सेप्टिक टँक आतून आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि पाण्याची खोली साडेतीन फूट. घरातले सगळे सांडपाणी त्यातच जाते. पहिली काही वर्षे त्रास नव्हता. आता मात्र दर तीन महिन्यांनी, आणि पावसाळ्यात तर महिन्याला, मैला उपसणारी गाडी बोलवावी लागते, आणि गाडी गेल्यावर आठवड्याभरात टाकी पुन्हा भरलेली दिसते. हार्डवेअरच्या दुकानदाराने जिवाणूंची पावडर सुचवली आहे. ती घ्यावी का, आणि उपसा कमी वेळा करावा लागावा यासाठी आणखी काय करावे, असे आपण विचारले आहे.

पावडर घेऊ नये, एवढे आधीच सांगतो. कारण पुढे येईल. आपल्या वर्णनावरून टाकी गाळाने नव्हे, पाण्याने भरते आहे, आणि त्या पाण्याला पुढे जायला वाट उरलेली नाही. या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि पुण्याच्या आसपास दर दोन-तीन महिन्यांनी गाडी बोलावणाऱ्या बहुतेक घरांची तक्रार दुसऱ्या प्रकारची असते. तरीही सगळे उपाय पहिल्या तक्रारीवर केले जातात.

सेप्टिक टँक काम करतो तेव्हा तो नेहमीच भरलेला असतो. मैला आत येतो, जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेल-साबणाचा हलका भाग वर तवंग होऊन तरंगतो, आणि मधला त्यातल्या त्यात निवळ पाण्याचा थर बाहेर जाणाऱ्या नळीतून शोषखड्ड्याकडे, म्हणजे पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्याकडे, जातो. आत जेवढे पाणी येते तेवढेच बाहेर पडते, म्हणून पातळी कायम बाहेरच्या नळीच्या तळाशी टेकलेली राहते. आपल्या टाकीत सुमारे ३१०० लिटर पाणी मावते. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा रूढ हिशेब धरला, तर पाच माणसांचे ६७५ लिटर होतात, म्हणजे रिकामी केलेली टाकी पाचव्या दिवशी भरणारच. ‘आठवड्यात भरली’ ही तक्रारच नाही. तक्रार तेव्हा होते, जेव्हा पाणी त्या नळीच्या वर चढते, चेंबरमध्ये तुंबते आणि शेवटी तळमजल्याच्या संडासात दिसू लागते.

गाळाचा हिशेब याहून किती संथ असतो ते पाहा. माणशी वर्षाला साधारण ४० लिटर गाळ साठतो असे धरले जाते. सावधपणे आखणी करणारे ७५ लिटरपर्यंत धरतात. टाकीचा एक तृतीयांश भाग, म्हणजे आपल्याकडे हजारभर लिटर, गाळ आणि तवंग यांनी व्यापला की उपसा करावा, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. पाच माणसांच्या घरात तिथपर्यंत पोहोचायला पहिल्या आकड्याने पाच वर्षे लागतात, दुसऱ्याने पावणेतीन. त्यामुळे दर तीन महिन्यांनी येणारी गाडी आपल्याकडून मुख्यतः पाणी भरून नेते आणि पैसे मैला उपसल्याचे घेते.

दोष कुठे आहे हे शोधण्याची रीत सोपी आहे. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांच्या मधल्या चेंबरचे झाकण उघडून बाजूला उभे राहा आणि पाहा. तिथे पाणी नळी बुडवून साठलेले असेल, तर शोषखड्डा पाणी पीत नाही. तिथे कोरडे असेल आणि टाकीत मात्र पातळी चढलेली असेल, तर टाकीची बाहेर जाणारी नळी तवंगाने किंवा कपड्याच्या चिंधीने बंद झाली आहे. टाकीत पातळी योग्य असूनही संडास तुंबत असेल, तर दोष घर आणि टाकी यांमधल्या पाइपात आहे आणि गाडी बोलावून काहीच साधणार नाही. आणखी एक चाचणी रात्री करायची. झोपण्यापूर्वी पातळीची खूण करावी आणि पहाटे कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा पाहावे. रात्रीत पाणी चढले असेल, तर एकतर फ्लशची टाकी गळते आहे किंवा भिंतीच्या भेगेतून जमिनीतले पाणी आत येते आहे. फ्लशची गळती पकडायला फ्लशच्या टाकीत थोडी निळी शाई टाकावी. अर्ध्या तासात न ओढता भांड्यात निळे पाणी उतरले, तर वॉशर बदलायचा. अशी गळती आवाज न करता दिवसाला शेकडो लिटर पाणी टाकीत ढकलू शकते.

आपल्या भागात संशय शोषखड्ड्यावरच पहिल्यांदा जायला हवा. पुण्याच्या परिसराचा पाया काळ्या पाषाणाचा आहे. वर कुठे काळी माती, खाली मुरूम, आणि कित्येक ठिकाणी काही फुटांवरच सलग खडक लागतो. मुरूम पाणी बऱ्यापैकी पितो. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात, त्यामुळे पावसाळ्यात ती जवळपास काहीच पीत नाही. सलग खडकात खणलेला खड्डा तर हौद ठरतो. उन्हाळ्यात खोदकाम करताना ठेकेदार दोन बादल्या पाणी ओतून ‘बघा, कसे जिरते’ असे दाखवतो, तेव्हा तापलेल्या भेगा ते पाणी गिळत असतात. जुलैमध्ये त्याच खड्ड्याची कथा निराळी असते. खरी चाचणी करायची तर फूटभर लांब-रुंद खड्डा शोषखड्ड्याच्या अपेक्षित खोलीपर्यंत खणून रात्रभर पाण्याने भरून ठेवावा, दुसऱ्या दिवशी त्यात सहा इंच पाणी घेऊन एक इंच पातळी उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजावे. अर्ध्या तासाच्या आत उतरली तर शोषखड्डा चालेल. त्याहून वेळ लागत असेल तर खोल खड्ड्याऐवजी खडी भरलेले उथळ, लांब चर जास्त भरवशाचे. तासाभरातही उतरत नसेल, तर त्या जागी पाणी जिरवण्याचा हट्ट सोडून टाकीनंतर खडीच्या थरातून पाणी वर चढवणारा फिल्टर बांधावा लागतो आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याची विल्हेवाट वेगळी लावावी लागते.

आठ वर्षे चाललेला खड्डा बंद पडतो त्याचे कारण बहुधा टाकीतून वाहून आलेला बारीक गाळ असतो. खड्ड्याच्या भिंतींवर आणि तळावर काळा, बुळबुळीत थर धरतो आणि मातीची छिद्रे बुजतात. गाडीने शोषखड्डा उपसला तर चार-सहा दिवस बरे वाटते, पण तो थर तसाच राहतो. काही जण त्यात ॲसिडचे कॅन ओततात. त्याने छिद्रे मोकळी होत नाहीत, उलट सिमेंटचे नुकसान होते. टिकाऊ उपाय म्हणजे काही अंतरावर दुसरा शोषखड्डा घेऊन मध्ये असे चेंबर बांधायचे की पाणी आलटून पालटून एकाच खड्ड्यात सोडता येईल. जुना खड्डा सहा महिने ते वर्षभर कोरडा राहिला की हवेमुळे तो थर कुजून सुकतो आणि खड्डा बऱ्याच अंशी पुन्हा पाणी पिऊ लागतो. जागा असेल तर मी हाच मार्ग सुचवतो. एकदा खर्च होतो, पण वर्षाला चार गाड्यांच्या भाड्याशी ताडून पाहिला तर तो फार दिवस डोईजड वाटत नाही.

खड्ड्याची जागा ठरवताना बोअरवेल किंवा विहीर किमान १८ मीटर दूर असावी, असे भारतीय मानकात म्हटले आहे. आपल्याकडच्या भेगाळ खडकात पाणी गाळले न जाता सरळ धावते, म्हणून शक्य तेथे ३० मीटर अंतर ठेवावे. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पिण्याच्या पाण्यावर संशय गेला, तेव्हापासून या अंतराबद्दल लोक स्वतःहून विचारू लागले आहेत, हे बरे झाले. शेजाऱ्याच्या बोअरवेलचे अंतरही मोजावे. कुंपणाच्या भिंतीने जमिनीखालचे पाणी अडत नाही.

नवा खड्डा होईपर्यंत, आणि झाल्यानंतरही, टाकीत जाणारे पाणी कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. न्हाणीघराचे आणि कपड्यांचे पाणी सेप्टिक टँकमध्ये घालण्याचे काही कारण नाही. ते वेगळ्या पाइपाने बागेकडे काढून केळी, कर्दळ, अळू यांच्या वाफ्यांत सोडले की टाकीवरचा भार निम्म्याहून कमी होतो. गाळ बसायला पाणी टाकीत किमान एक-दोन दिवस संथ राहावे लागते. एका दुपारी वॉशिंग मशीनच्या तीन फेऱ्या झाल्या की तेच पाणी तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात नेऊन टाकते. पाणी वेगळे काढणे जमणार नसेल तर निदान कपडे आठवड्यात विभागून धुवावेत. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी, गच्चीचे पन्हळ आणि अंगणाची जाळी यांपैकी काहीही टाकीला जोडलेले नाही ना, हे तपासावे. गच्चीचे पन्हळ जोडलेले मला अनेक घरांत आढळले आहे, आणि तेथे पावसाळ्यातल्या तक्रारीचे उत्तर तेवढ्यातच मिळून जाते. बोअरवेलच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर बसवला असेल, तर त्याचे मिठाचे धुवणही टाकीत सोडू नये. जुनी, एका वेळी दहा-बारा लिटर सोडणारी फ्लशची टाकी बदलून तीन आणि सहा लिटरची दोन बटणांची बसवली, तर फरक लगेच दिसतो.

पावसाळ्यात महिन्याला गाडी लागते, यावरून जमिनीतले पाणी आत शिरत असण्याचीही शक्यता आहे. टाकी पूर्ण रिकामी झालेली असेल त्या वेळी बाहेरूनच बॅटरीच्या प्रकाशात भिंती पाहाव्यात. ओलीची धार किंवा पाइपाच्या सांध्यातून झिरपणारे पाणी दिसते. झाकणाची कड अंगणाच्या पातळीला असेल तर ती सहा इंच उचलून घ्यावी, म्हणजे अंगणातले पाणी आत उतरणार नाही.

आता टाकीत काय जाऊ नये ते. स्वयंपाकघराचे पाणी टाकीत येत असेल तर सिंकच्या बाहेर तेल अडवणारे छोटे चेंबर बांधलेच पाहिजे. तळणीचे उरलेले तेल, तूप लागलेली भांडी आणि खरकटे यांनीच तवंग सर्वाधिक जाड होतो. भांडी कागदाने पुसून मग धुवावीत, आणि चेंबरवर साचलेली चरबी पंधरा दिवसांनी काढून टाकावी. चहाचा चोथा, भाताची शिते, कणकेचे पाणी हे किरकोळ वाटते, पण चोथा टाकीत सहज कुजत नाही, तो सरळ गाळात जमा होतो. सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, ओले पुसणी-कागद (वेट वाइप्स), कंडोम, सिगारेटची थोटके, विंचरलेले केस यांतले काहीही कुजत नाही, आणि गाडीची नळी तुंबण्याचे कारणही हेच असते. ओले पुसणी-कागद ‘फ्लश करता येतात’ असे पाकिटावर छापलेले असले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. पाहुणे आणि भाडेकरू यांच्यासाठी संडासात झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवणे हा या सगळ्यावरचा साधा उपाय आहे.

संडास साफ करण्याच्या ॲसिडबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. आठवड्यातून एकदा भांड्यापुरते वापरलेले द्रावण ३१०० लिटर पाण्यात विरून जाते. टाकीतील जिवाणू मरतात ते ॲसिडचा किंवा ब्लीचिंगचा अख्खा कॅन एकदम ओतल्यावर, किंवा फिनेलच्या बादल्या रोज सोडल्यावर.

पावडरकडे येतो. माणसाच्या विष्ठेतून रोज कोट्यवधी जिवाणू टाकीत येतातच. विरजण लागलेल्या दह्यात आणखी विरजण घालण्याने जे होईल तेच त्या पाकिटाने होते. काही द्रवरूप औषधे तवंग विरघळवतात, पण ती विरघळलेली चरबी नळीतून पुढे जाऊन शोषखड्ड्यात पुन्हा घट्ट होते. टाकी मोकळी दिसते आणि खड्डा मरतो. आपल्या बाबतीत तर दोषच खड्ड्याचा दिसतो आहे, तेव्हा हा सौदा अधिकच तोट्याचा. गूळ, यीस्ट, ताक यांचीही तीच गत. शेण मात्र एका प्रसंगी उपयोगी पडते: नवी टाकी सुरू करताना ती आधी बाहेरच्या नळीपर्यंत पाण्याने भरावी आणि दुसऱ्या चालत्या टाकीतला थोडा मुरलेला गाळ, तो न मिळाल्यास थोडे कुजलेले शेण कालवून घालावे, असे भारतीय मानकातही सांगितले आहे. चालत्या टाकीत ते घालणे म्हणजे गाळात भर.

उपसा केव्हा करायचा हे तारखेवरून न ठरवता मोजून ठरवावे. लांब काठीच्या खालच्या तीन-चार फुटांना जुना पांढरा टॉवेल गुंडाळून बांधावा, बाहेर जाणाऱ्या नळीच्या बाजूच्या झाकणातून तवंग बाजूला सारून काठी तळापर्यंत उतरवावी, काही मिनिटे थांबावे आणि सावकाश वर घ्यावी. टॉवेलवर काळा दाट डाग जेथपर्यंत चढलेला असेल तेवढा गाळ. तवंगाची जाडी पाहायला काठीच्या टोकाला आडवी पट्टी ठोकून ती खालून वर उचलावी. जेथे अडेल तो तवंगाचा तळ. आपल्या साडेतीन फुटांत गाळ आणि तवंग मिळून चौदा इंचांच्या आसपास आले, किंवा तवंगाचा तळ बाहेरच्या टी-पाइपच्या (नळीला जोडलेल्या, तवंग अडवणाऱ्या टी-आकाराच्या तुकड्याच्या) खालच्या तोंडापासून तीन इंचांवर आला, की गाडी बोलवावी. हे मोजमाप वर्षातून एकदा पुरते. आकडा आणि तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला न लिहिता घरातल्या वहीत लिहावी.

पाळी लांबवणे म्हणजे उपसा टाळणे नव्हे. पाच-सात वर्षे न हलवलेला गाळ तळाशी घट्ट बसतो, नळीला खेचला जात नाही, आणि मग कोणीतरी आत माणूस उतरवण्याची भाषा करतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाई नगरपालिकेने तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी ठरलेल्या वेळी उपसण्याची पद्धत सुरू केली, ती मला पटते. आपल्याकडे पाच माणसे आणि एवढी टाकी असताना, पाण्याचा प्रश्न मिटल्यावर, तीन ते चार वर्षांचे अंतर सहज मिळावे.

गाडी येईल तेव्हा समोर उभे राहा, पण झाकणापासून दूर. उपसा मोठ्या झाकणातून, आणि टाकीला दोन कप्पे असतील तर दोन्हींतून व्हायला हवा; व्हेंट पाइपातून (वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या नळीतून) किंवा तपासणीच्या छोट्या भोकातून नळी घातली तर फक्त वरचे पाणी जाते. थोडे पाणी परत टाकीत सोडून तळाचा गाळ फोडायला सांगावे, मग पुन्हा ओढून घ्यावे. चालक घाईत असतो आणि हे करायला टाळतो, म्हणून भाडे ठरवतानाच बोलून घ्यावे. तळाशी इंचभर गाळ राहू द्यावा. धुऊन चकचकीत करण्याची गरज नाही. आत आणि बाहेर जाणारे टी-पाइप जागेवर आहेत का, हे याच वेळी दिसते. बाहेरचा टी-पाइप तुटलेला असेल तर तवंग थेट खड्ड्यात जात असतो, आणि आपला खड्डा यामुळेच बंद पडला असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. नवा खड्डा बांधण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे, नाहीतर तोही याच वाटेने जाईल. उपसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करावा. भर पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते, आणि प्लास्टिकची टाकी रिकामी केली तर भोवतालच्या पाण्याच्या दाबाने ती उचलली जाऊ शकते किंवा पिचते. रिकामी झालेली टाकी लगेच साध्या पाण्याने भरून घ्यावी. मैला कुठे ओतणार, हेही चालकाला विचारावे. तो शुद्धीकरण केंद्रावर जायला हवा, ओढ्यात नव्हे.

टाकीत माणूस उतरवू नये, कोणत्याही कारणासाठी आणि क्षणभरही नाही. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. कमी असताना त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण जास्त झाला की तो आधी वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ हा धोक्याचा इशारा असतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. मिथेन पेट घेतो, म्हणून झाकणाजवळ काडी किंवा विडी नको. सुरक्षेच्या साधनांशिवाय असे काम करवून घेणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि हा कायदा घरमालकालाही लागू होतो. अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. काठीने मोजताना आपणही झाकण उघडून काही वेळ थांबावे, वाकून आत डोकावू नये, सोबत एक माणूस ठेवावा आणि काम झाल्यावर झाकण घट्ट बसवावे, कारण अंगणात मुले खेळतात. व्हेंट पाइप घराच्या माथ्यापेक्षा दोन मीटर उंच असावा आणि त्याच्या तोंडाला डासांची जाळी असावी. क्युलेक्स डास याच पाण्यात वाढतात.

नव्या खड्ड्याचा खर्च करण्यापूर्वी महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आपल्या रस्त्यावर ड्रेनेज लाइन केव्हा येणार, एवढे लेखी विचारून घ्या. २०१७ आणि २०२१ साली हद्दीत आलेल्या गावांत हे काम टप्प्याटप्प्याने चालले आहे. लाइन वर्षभरात येणार असेल, तर तोवर न्हाणीचे पाणी वेगळे काढून आणि गळती बंद करून भागवणे शहाणपणाचे. येणार नसेल तर दुसरा खड्डा घ्यावा. लाइन जोडल्यावर जुनी टाकी तशीच झाकून ठेवू नये. शेवटचा उपसा करून चुना टाकावा, पाणी साठू नये म्हणून तळाला बाहेरूनच पहारीने भोके पाडावीत, आणि मुरूम भरून दाबून घ्यावा.